शेतकऱ्याची शंका

कावेरी नदीच्या शिवसमुद्रम् येथील धबधब्यावर जलविद्युत केंद्र सुरू झाले ते १९०२ सालच्या जून महिन्यात. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर के. शेषाद्री अय्यर यांनी या योजनेचा पाया घातला होता. ती पुरी झालेली पाहण्यास मात्र ते हयात राहिले नाहीत. तेथे उत्पन्न झालेली वीज ९२ मैल लांबीच्या तारांवरून कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरविण्यात आली. इतक्या दूर वीज वाहून नेण्याचे काम त्या काळी जगात फार थोड्या ठिकाणी साधले होते. पुढे तीनच वर्षांनी, १९०५ च्या ऑगस्टमध्ये, बंगळूरचे रस्ते त्याच विजेने उजळले. बंगळूरकरांना या गोष्टीचा अभिमान वाटतो आणि तो सार्थ आहे. परंतु नकाशा पुढे घेऊन त्या तारांची वाट न्याहाळली, म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. नदी शेतकऱ्यांच्या मुलखातली, तारांचे खांब त्यांच्या शिवारांतून गेलेले, आणि वीज मात्र खाणींच्या यंत्रांना व शहराच्या दिव्यांना. ज्या खेड्यांवरून ती वीज गेली, त्यांपैकी बहुतेकांच्या घरांत दिवा लागण्यास पुढे कित्येक दशके जावी लागली.

या जुन्या गोष्टीची आठवण आज होण्यास कारण आहे. कोळसा, डिझेल व नैसर्गिक वायू यांच्या ज्वलनाने पृथ्वीचे तापमान वाढत आहे, ऋतूंचा क्रम बिघडत आहे, हे आता वादातीत ठरले आहे. त्यावर दोन उपाय प्रामुख्याने सांगितले जातात. एक, कोळसा सोडून सूर्य, वारा व पाणी यांपासून वीज घेणे. आणि दुसरा, ज्या इंधनातून कर्बवायू बाहेर पडतो त्यावर कर बसवून ते महाग करणे. दोन्ही उपाय तर्काला धरून आहेत. तरीही ते पुढे येताच, आपल्या देशात काय आणि परदेशांत काय, ज्या वर्गाच्या कपाळावर पहिली आठी उमटते तो वर्ग शेतकऱ्यांचा आहे.

सरकारी दप्तरात शेतकऱ्याच्या अशा शंकेला 'हरकत' असे नाव आहे. हरकती मागविल्या जातात, त्यांची सुनावणी होते आणि मग त्या निकालात निघतात. प्रशासनात वीसएक वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला ही पद्धत चांगलीच परिचयाची आहे. 'लोकांना योजनेचे महत्त्व कळलेले नाही' हे वाक्यही तितकेच परिचयाचे आहे. या वाक्यात एक गृहीत दडलेले असते: शंका अज्ञानातून येते आणि ज्ञान मिळाले की ती मावळते. इतिहास पाहिला तर हे गृहीत टिकत नाही. शेतकऱ्याने विजेच्या उपयुक्ततेविषयी क्वचितच शंका घेतली आहे. त्याने विचारले आहे ते असे की, हिचा खर्च कोणाच्या खात्यावर आणि नफा कोणाच्या? हा प्रश्न हिशेबाचा आहे, आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघाला आहे.

महाराष्ट्रात याचे पहिले ठळक उदाहरण मुळशीचे. मुंबईच्या कापड गिरण्या कोळशावर चालत. तो कोळसा दुरून आणावा लागे, महाग पडे, आणि त्याच्या धुराने शहर काळवंडे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा अफाट पाऊस अडवून, ते पाणी कोकणात सोडून वीज करावी, ही टाटांची कल्पना खरोखर भव्य होती. १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले. पाण्याच्या शक्तीला त्या काळी कौतुकाने 'पांढरा कोळसा' म्हणत. आज सौरशक्तीविषयी जे उत्साहाने बोलले जाते, ते बहुतेक सारे त्या वेळी पाण्याच्या शक्तीविषयी बोलले जात होते. ती स्वच्छ आहे, न संपणारी आहे, आणि स्वदेशी आहे.

पहिल्या महायुद्धानंतर या मालिकेतील पुढची योजना निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमावर ठरली. मुळशी पेट्यातील पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. या जमिनी आंबेमोहोर तांदळासाठी नावाजलेल्या होत्या. मावळ्यांना पूर्वसूचना न देताच त्यांच्या खाचरांत चाचणीचे खोदकाम सुरू झाले, आणि त्यातून असंतोष पेटला. १९२१ सालच्या रामनवमीस, १६ एप्रिल रोजी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे पद याच लढ्याने दिले. 'जान किंवा जमीन' ही तेथील घोषणा होती.

या लढ्यातील एक बारकावा आजही मननीय आहे. धरणाच्या जागेतील पुष्कळ जमिनींचे कागदोपत्री मालक पुण्यातील सावकार होते. कसणारे मात्र मावळे होते. मोबदल्याचा आकडा पुढे येताच बऱ्याच सावकारांचा विरोध मावळला. त्यांच्या दृष्टीने जमीन हे भांडवल होते, आणि भांडवलाचे रूप बदलले तरी चालते. कुळाच्या दृष्टीने जमीन म्हणजे दरवर्षीचे काम आणि दरवर्षीचे धान्य होते. त्याचा मोबदला एका रकमेत होत नव्हता. १८९४ चा भूसंपादन कायदा मालकाला ओळखत असे, कसणाऱ्याला फारसा ओळखत नसे. सत्याग्रह सुमारे तीन वर्षे चालला. शेकडो माणसे, त्यांत स्त्रियाही, तुरुंगात गेली. अखेर १९२४ च्या शेवटी बापटांनी रेल्वेगाडी अडविण्याचा निकराचा मार्ग पत्करला आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण पुरे झाले. भिऱ्याचे वीजघर १९२७ मध्ये चालू झाले. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली, आणि मावळ्यांची खाचरे पाण्याखाली गेली.

मुळशीचे शेतकरी विजेचे शत्रू नव्हते. शहराच्या हवेतला धूर कमी व्हावा म्हणून आपल्या पोटावर पाणी का सोडावे, एवढेच ते विचारीत होते. त्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात उमटण्यास फार काळ लागला. कोयनेच्या धरणग्रस्तांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. महाराष्ट्रात पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा १९७६ मध्ये झाला, आणि १८९४ चा भूसंपादन कायदा रद्द होऊन त्या जागी नवा कायदा अमलात आला तो २०१४ च्या जानेवारीत. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्के कुटुंबांची संमती हवी, आणि मालकाबरोबरच जमिनीवर पोट असणाऱ्यांचाही विचार व्हावा, असे त्याने सांगितले. १९२१ मधील हरकत अशा रीतीने ९० वर्षांनी कायद्याचे कलम झाली.

जमिनीविषयीच्या शंकेप्रमाणेच कराविषयीच्या शंकेलाही आपल्याकडे मोठी परंपरा आहे. कर्बकराचे समर्थक सांगतात की, हा कर खजिना भरण्यासाठी नाही, एका चांगल्या कामासाठी आहे. शेतकऱ्याने हे वाक्य पूर्वी ऐकले आहे. १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यात जमीन महसुलावर रुपयामागे एक आणा असा 'लोकल फंड' बसविण्यात आला. त्यातून शाळा व रस्ते व्हावयाचे होते. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षण आयोगापुढे केलेल्या निवेदनात आणि पाठोपाठ 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात या व्यवहाराची उलटतपासणी केली. पैसा शेतकऱ्याच्या घामाचा, आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या मुलांना, ही त्यांची तक्रार होती. त्यांनी शिक्षणाला विरोध केला नाही. शिक्षणाचा त्यांच्याइतका कैवारी त्या काळात दुसरा दाखविणे कठीण आहे. ज्या कामाच्या नावाने पैसा घेतला, त्या कामावर व त्या माणसांवर तो खर्च झाला काय, एवढेच त्यांनी विचारले.

कर्नाटकात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला तो १९८० मध्ये. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ येथे मलप्रभा नदीवर धरण झाले होते. कालव्याच्या लाभक्षेत्रात जमिनीची किंमत वाढते, म्हणून त्या वाढीचा काही भाग शेतकऱ्याने सरकारला द्यावा, अशा तत्त्वावर एकरी आकार बसविण्यात आला. तत्त्व पुस्तकात निर्दोष दिसते. प्रत्यक्षात कित्येक शेतांना पाणी वेळेवर पोचत नव्हते, कोठे ते साचून जमीन चिबड होत होती, आणि कपाशीचा भाव कोसळला होता. वसुली मात्र वेळेवर चालू होती. २१ जुलै १९८० रोजी नवलगुंद व नरगुंद येथे शेतकऱ्यांचा क्षोभ उसळला, गोळीबार झाला, शेतकरी मृत्युमुखी पडले. नरगुंद हे नाव मराठी श्रोत्यांना १८५८ मधील बाबासाहेब भावे यांच्या उठावामुळे ठाऊक असेल. कन्नड शेतकरी मात्र ते २१ जुलैच्या स्मृतीसाठी घेतो. त्या वर्षीच कर्नाटक राज्य रयत संघाची स्थापना झाली, आणि पुढे प्रा. एम. डी. नंजुंडस्वामी यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरच्या रस्त्यांनी हिरव्या उपरण्यांचे मोर्चे अनेकदा पाहिले. लाभ हाती पडण्यापूर्वीच लाभावरचा कर भरावा लागला, हे त्या साऱ्या चळवळीचे बीज होते.

आता प्रत्यक्ष कर्बकराकडे वळू. आपल्या देशात त्या नावाचा कर नाही. पण त्याचा जवळचा भाऊबंद होऊन गेला. २०१० मध्ये केंद्र सरकारने कोळशावर टनामागे ५० रुपये 'स्वच्छ ऊर्जा उपकर' बसविला. २०१४ मध्ये तो १०० रुपये, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. एक युनिट वीज करण्यास साधारणपणे ६५० ग्रॅम कोळसा लागतो असे धरले, तर ४०० रुपयांच्या दराने युनिटमागे सुमारे २६ पैसे पडतात. हा पैसा स्वच्छ ऊर्जेच्या निधीत जाऊन सूर्य व वारा यांच्या वाढीस लागावयाचा होता. २०१७-१८ पर्यंतच्या हिशेबात उपकराची जमा सुमारे ८६ हजार कोटी रुपये दिसते. त्यातून त्या निधीकडे वळती झालेली रक्कम ३० हजार कोटींच्या आत, आणि प्रकल्पांना प्रत्यक्ष मिळालेली रक्कम सुमारे १६ हजार कोटी आहे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा हा उपकर राज्यांच्या भरपाईच्या उपकरात विलीन झाला. कोळशावरील भार तोच राहिला. त्याचे प्रयोजन मात्र बदलले. सप्टेंबर २०२५ मध्ये तो भरपाई-उपकरही कोळशावरून उठला आणि त्याऐवजी कोळशावरील वस्तू व सेवा कराचा दर ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला.

या व्यवहारात कायद्याचा भंग झाला असे कोणी म्हणणार नाही. सरकारला अनेक निकडी असतात, आणि एका हातातला पैसा दुसऱ्या हातात जातो. परंतु कर्बकराच्या तत्त्वावर विश्वास ठेवा असे शेतकऱ्याला सांगावयाचे असेल, तर हे आकडे आपल्या बाजूचे साक्षीदार नाहीत, हे मान्य केले पाहिजे. लोकल फंडाविषयी फुले यांनी विचारलेला प्रश्न येथे शब्दही न बदलता विचारता येतो.

कराविषयीच्या शंकेला आणखी एक, अधिक खोल कारण आहे. कारखानदारावर कर बसला की तो मालाच्या किमतीत मिळविला जातो. वाहतूकदारावर बसला की भाड्यात मिळविला जातो. शेतकऱ्याला ही सोय नाही. तो आपला माल बाजार समितीत नेतो तेव्हा भाव दुसरा कोणी सांगतो. डिझेल महागले, खत महागले, गाडीभाडे महागले म्हणून टोमॅटोचा लिलाव त्या दिवशी वर जात नाही. युरिया हा प्रामुख्याने नैसर्गिक वायूपासून होतो. वायूवर कर आला तर त्याचा बोजा एकतर शेतकऱ्यावर पडेल, नाहीतर सरकारच्या खत-अनुदानावर. आणि जे आज अनुदान आहे ते उद्या राहीलच याची शाश्वती कोणी देत नाही. साखळीतील प्रत्येक कडी आपला भार पुढच्या कडीवर ढकलू शकते. शेवटची कडी मात्र शेतकरी आहे. ही गोष्ट कळण्यास त्याला अर्थशास्त्राच्या पदवीची गरज पडत नाही.

म्हणूनच ही शंका केवळ आपल्या देशातील नाही. न्यूझीलंडमध्ये गुराढोरांच्या पोटातून निघणाऱ्या मिथेन वायूसाठी आकार बसविण्याची कल्पना २००३ मध्ये पुढे आली, तेव्हा संसदेच्या पायऱ्यांवर ट्रॅक्टर चढला आणि कल्पना मागे पडली. २०२२ मध्ये ती निराळ्या रूपाने परत आली. पुढे सरकार बदलले आणि ती पुन्हा बाजूला पडली. फ्रान्समध्ये २०१८ च्या नोव्हेंबरात इंधनावरील वाढत्या कराविरुद्ध पिवळी जाकिटे घालून लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांत खेड्यापाड्यांतली, मोटारीवाचून दुसरे वाहन नसलेली माणसे फार होती. याच्या उलट डेन्मार्कचा अनुभव आहे. तेथे २०२४ मध्ये सरकार, शेतकऱ्यांची संघटना आणि निसर्गप्रेमी संस्था एकत्र बसल्या. २०३० पासून जनावरांमुळे होणाऱ्या उत्सर्जनावर टनाला ३०० क्रोनर कर, त्यातही ६० टक्के वजावट, आणि सुरुवातीच्या वर्षांत जमलेला पैसा शेतीच्याच सुधारणेसाठी परत, असा करार झाला. तेथेही सारे शेतकरी संतुष्ट झाले असे नाही; पण हिशेबाची वही मेजावर उघडी ठेवली म्हणून बोलणे पुढे गेले.

आता बंगळूरच्या उत्तरेस, दीडशे किलोमीटरहून थोडे अधिक अंतरावर, तुमकूर जिल्ह्यातील पावगड तालुक्याकडे पाहू. हा मुलूख पर्जन्यछायेतला. भुईमूग हे तेथील मुख्य पीक, विहिरी खोल गेलेल्या, आणि तरुण माणसे कामाच्या शोधात बंगळूरकडे निघालेली. तेथे पाच गावांच्या सुमारे १३ हजार एकर जमिनीवर सौर ऊर्जेचे मोठे उद्यान उभे राहिले. 'शक्तिस्थल' असे त्याचे नाव आहे. पहिल्या टप्प्याचे उद्घाटन मार्च २०१८ मध्ये झाले, आणि २०१९ च्या अखेरीस ते २,०५० मेगावॉट क्षमतेस पोचले. त्या वेळी जगातील सर्वांत मोठ्या सौर उद्यानांत त्याची गणना होत होती.

मुळशीच्या मानाने येथे एक मोठा फरक झाला. जमीन संपादन करण्यात आली नाही. ती भाडेपट्ट्याने घेण्यात आली. एकरी वर्षाला २१ हजार रुपये खंड आणि दर दोन वर्षांनी त्यात ५ टक्के वाढ, असा करार आहे. मालकी शेतकऱ्याकडेच राहिली. पावसाने पाठ फिरविल्यावर ज्या एकरातून बियाण्याचे पैसेही निघत नसत, त्या एकराला ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम मिळू लागली. अनेक कुटुंबांना हा आधार वाटला, आणि तो खोटा नाही. शंभर वर्षांत आपण काहीच शिकलो नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

तरीही पावगडचा शेतकरी तीन प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न खंडाच्या वाढीचा. दोन वर्षांनी ५ टक्के या गतीने २१ हजारांचे २४ वर्षांनी सुमारे ३७,७०० रुपये होतील. दरम्यान वस्तूंचे भाव वर्षाला ५ टक्क्यांनी वाढले असे समजू, तर आज २१ हजारांत जे येते त्याला तेव्हा सुमारे ६७,७०० रुपये पडतील. म्हणजे खंड आकड्यात वाढेल, पण खऱ्या मोलात जवळजवळ निम्मा होईल. दुसरा प्रश्न मुदत संपल्यानंतरचा. खांब, सिमेंट आणि तारा काढून, बांध पूर्ववत् घालून, नांगर चालेल अशी जमीन परत कोण करून देईल? इतक्या वर्षांनी पहाणीपत्रकावरून आपला तुकडा ओळखता येईल काय? तिसरा प्रश्न मालकाचा नाही. तो त्याच्या शेतावर काम करणाऱ्याचा आहे. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला खंड मिळतो. जो त्या जमिनीत निंदणी-काढणी करी, जो मोकळ्या रानात शेळ्या चारी, त्याचे नाव करारात नाही. पॅनेल पुसण्याचे व पहारा करण्याचे काम काहींना मिळते, पण १३ हजार एकरांची शेती जितक्या हातांना काम देई, तितक्या हातांना ते पुरत नाही. मुळशीत कागदोपत्री मालक सावकार आणि कसणारा मावळा असे जे दोन पदर होते, तेच येथे वेगळ्या रूपाने दिसतात.

न्यायाने पाहू गेले तर शेतकऱ्याची प्रत्येकच शंका खरी ठरते असे नाही. सातारा-सांगलीकडील पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि नेमकी त्यानंतर, २००३-०४ च्या सुमारास, दुष्काळी वर्षे आली. पवनचक्क्यांची पाती ढग पळवून लावतात, असे तेव्हा पुष्कळ गावांत बोलले गेले. यास शास्त्राचा आधार नाही. पवनचक्की शंभरएक मीटर उंचीवर फिरते, आणि पावसाचे ढग तिच्याहून कितीतरी वर, समुद्रावरून शेकडो मैलांचा प्रवास करून येतात. अशा समजुतीचे निरसन स्पष्ट शब्दांत केलेच पाहिजे. मात्र निरसन करतानाही एक प्रश्न मनाशी धरावा. पठारावरचा वारा विकून जो पैसा झाला, त्यात त्या गावाचा वाटा ठरला असता, तर ही समजूत इतक्या लवकर रुजली असती काय? ज्याचा हिशेब कळत नाही, त्याविषयी माणसे कथा रचतात.

आणि नवी ऊर्जा येऊ नये, असे म्हणणे शेतकऱ्यालाच सर्वांत महाग पडेल. २०२३ मध्ये कर्नाटकातील २३६ तालुक्यांपैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले, आणि पुढच्या उन्हाळ्यात बंगळूर शहरात पाण्याच्या टँकरमागे रांगा लागल्या. शहरातला माणूस टँकर विकत घेतो. शेतकरी पीक विकत घेऊ शकत नाही. हवामान बिघडण्याची पहिली किंमत तोच मोजतो. शिवाय रात्रीच्या विजेचा जाच आहे. शहराची आणि कारखान्यांची मागणी भागल्यावर उरलेली वीज कृषिपंपांना मध्यरात्री मिळते, आणि शेतकरी अंधारात, विंचूकाट्यात पाणी द्यायला जातो. सूर्याची वीज ही स्वभावतःच दिवसाची वीज आहे. तिच्यात शेतकऱ्याचा स्वार्थ आहे, आणि तो त्याला कळतोही.

म्हणूनच जेथे तो विजेचा केवळ साक्षीदार न राहता भागीदार झाला, तेथे चित्र पालटले. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातील धुंडी गावी २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी संस्था स्थापन केली. पाणी भरून उरलेली वीज वीजकंपनीने युनिटला ४ रुपये ६३ पैसे या दराने २५ वर्षे विकत घ्यावी, असा करार झाला. वीज फुकट असली की पंप चालू राहतो आणि विहीर आटते. वीज विकता येऊ लागली की शेतकरी स्वतःच पंप बंद करतो, कारण वाचलेल्या युनिटाचे पैसे होतात. महाराष्ट्रात कृषी वाहिन्या सौर विजेवर चालविण्याची योजना २०१७ मध्ये निघाली, आणि राळेगण सिद्धी येथे तिचा पहिला प्रकल्प झाला. २०२३ च्या सुधारित योजनेत जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, म्हणजे एकरी सुमारे ५० हजार रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ ठरली; ग्रामपंचायतीलाही अनुदानाची तरतूद झाली. वर्षाला ३ टक्के हा दर महागाईला पुरेल की नाही, हे पुढील काळ सांगेल. परंतु पावगडच्या करारानंतर आठ-दहा वर्षांत आकडे शेतकऱ्याच्या बाजूने सरकले, ही गोष्ट उघड आहे. प्रश्न विचारल्याने ते सरकले.

इतिहासाचा दाखला घेऊन आपण काय ठरवावे? प्रशासनातील माणूस म्हणून मला तीन साध्या गोष्टी आवश्यक वाटतात. ज्या कारणासाठी कर घेतला त्याच कारणावर तो खर्च झाल्याचा हिशेब दरवर्षी, गावच्या चावडीवर वाचता येईल अशा भाषेत, प्रसिद्ध व्हावा. जमिनीचा खंड महागाईशी बांधलेला असावा, आणि मुदतीनंतर जमीन पूर्ववत् करून देण्याचा पैसा पहिल्याच दिवशी बाजूला ठेवलेला असावा. आणि करारात कसणाऱ्याचे, चारणाऱ्याचे व राबणाऱ्याचे नाव यावे; केवळ सातबाऱ्यावरचे नाव पुरेसे मानू नये. यांपैकी कोणत्याही गोष्टीला नव्या शोधाची आवश्यकता नाही. त्या ठरविण्याची इच्छा मात्र हवी.

मुळशीच्या परिसरात आता नव्या कामाची चाहूल आहे. सौर वीज दिवसा होते आणि दिवे रात्री लागतात. म्हणून दिवसाच्या विजेने पाणी डोंगरावर चढवावयाचे आणि रात्री ते खाली सोडून वीज घ्यावयाची, असे प्रकल्प सह्याद्रीत योजले जात आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने भिवपुरी आणि शिरवटा येथील, मिळून २,८०० मेगावॉटच्या, अशा दोन प्रकल्पांसाठी टाटा पॉवर कंपनीशी सामंजस्य करार केला. पाणी तेच, डोंगर तेच आणि पाऊसही तोच. शंभर वर्षांपूर्वी त्या खोऱ्यांतील शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न या वेळी खोदकाम सुरू होण्याआधी विचारात घेतला गेला, तर त्याची हरकत निकालात काढण्याची पाळी कोणावर येणार नाही.